तुम्ही विचारलंत म्हणून: आग थांबते की नाही?

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगला, परवा तर डेंटिस्टच्या खुर्चीत (तोंड उघडं असताना!) तोच प्रश्न: "तुम्ही बॅटरीच्या फिल्मवर कोटिंग करता ना, मग त्यानं आग थांबते की नाही?" मार्च 2022 मध्ये पुण्यात लोहगावला ती इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्यापासून तर "हो की नाही, तेवढंच सांगा" असा दमच देतात.

नाही. आणि हो. चिडू नका.

दोन इलेक्ट्रोडांच्या मधली पॉलिइथिलीनची फिल्म 130 अंशांच्या आसपास छिद्रं मिटून घेते आणि आयनांची वाट बंद होते, म्हणजे करंट थांबतो. उष्णता तरीही चढत राहिली तर फिल्म आकसते, कडा आत सरकतात, इलेक्ट्रोड एकमेकांना भिडतात आणि शॉर्ट सर्किट होतं. ते आकसणं रोखायला अ‍ॅल्युमिनाचा दोन-चार मायक्रॉनचा थर, म्हणजे न जळणाऱ्या पांढऱ्या सिरॅमिक भुकटीचा. "पांढरा रंगच तर फासता" म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन फासून दाखवावा. पॉलिइथिलीनवर पाण्यातली स्लरी (त्या भुकटीचं पातळ कालवण) म्हणजे अळवावरचं पाणी. आधी कोरोना ट्रीटमेंट द्या (आजार नव्हे, पाणी धरावं म्हणून पृष्ठभागावर विजेचा मारा), बाइंडर (भुकटी धरून ठेवणारा चिकटा) जुळवा. एकाच बाजूला कोटिंग केलं की फिल्म कडांना वळते. अ‍ॅल्युमिना ओल धरतो, ती काढायला तापवावं तर खालचं प्लॅस्टिक फार तापू द्यायचं नाही.

ओव्हनमध्ये साधी फिल्म आकसून जायची, आमची जवळपास तशीच राहायची. कॉलेजच्या पोरांना दोन्ही शेजारी ठेवून दाखवायचो आणि ऐटीत म्हणायचो, "आता काय पेटणार?"

मग ती खिळ्याची टेस्ट. पूर्ण चार्ज केलेला सेल, फिल्म आमची, काचेपलीकडे ग्राहकाची माणसं. खिळा आत गेला, व्होल्टेज घसरलं, पुन्हा थोडं सावरलं. मी शेजारच्याकडे बघून हसलोसुद्धा. तेवढ्यात सेलचा पाउच (बाहेरची पिशवी) फुगला, शिवण उकलली, आधी धूर आणि मग सरळ ज्वाळा. कुणी काही बोललं नाही. एकानं फक्त पेनाचं टोपण लावलं. थंड झाल्यावर सेल उघडला, तर प्लॅस्टिक कुठेच नाही, काजळीत अ‍ॅल्युमिनाच्या पांढुरक्या खपल्या. चिमट्यानं उचलायला गेलो, पीठ झालं. दोन हजार अंशांपर्यंत न वितळणारी आमची वस्तू जागेवर होती. जळायचं ते जळलंच होतं. खिळा कोटिंगही फाडतो. कोटिंग फार तर भोवतालचं भोक मोठं होऊ देत नाही. कॅथोडमधून (धन इलेक्ट्रोडमधून) सुटणारा ऑक्सिजन आणि पेटणारं इलेक्ट्रोलाइट (सेलमधलं द्रव) आमच्या हातात नाही.

ओव्हनपुढच्या त्या ऐटबाज माणसाशी, म्हणजे जुन्या माझ्याशीच, माझं भांडण अजून चालू आहे. तो म्हणतो, ओव्हनमधलं खोटं होतं का? नव्हतं. पण ओव्हनमध्ये नुसती फिल्म होती, सेल नव्हता. तो म्हणतो, मग कोटिंग काढून टाक. तेही मी करणार नाही. थर पातळ करा म्हणून खरेदीवाले मागे लागतात, तेव्हा मीच आवाज चढवतो.

स्कूटर घ्यायची का, हे मला विचारू नका. सेल कुणाचे, पॅक कुणी जोडला, चार्जर त्याच कंपनीचा आहे का, हे दुकानदाराला विचारा. तो कोटिंगबद्दल बोलायला लागला, तर मला फोन करा.