सातवी फीत

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आंबोलीत आमची बेडकांची रात्रगणना चालू होती. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंची, वर्षाला साधारण ७००० मिलिमीटर पाऊस आणि अंजनी, जांभूळ, पिसा यांचं सदाहरित रान. १०० मीटरची रेषा, दर १० मीटरवर पिवळी फीत, रेषेच्या दोन्ही बाजूंना २-२ मीटर पट्टा. दोघांनी शोधायचं, एकाने लिहायचं. एवढ्याला दीड तास लागतो. त्याआधी संपलं तर नीट पाहिलेलं नाही, असं खुशाल समजावं.

आंबोली झुडूपबेडकाचा नर अंगठ्याच्या पेराएवढा असतो आणि उजेड पडला की गप्प होतो. म्हणून दिवे बंद करून दोन-तीन मिनिटं उभं राहायचं. तो टिकटिक करू लागला की दोघांनी दोन बाजूंनी, अंधारातच, आवाजाकडे हात रोखायचे आणि मग दिवे लावायचे. हातांच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथली पानं खालून वर एकेक करून बघायची. एकट्याला दिशा कळते, अंतर कळत नाही. दिवा कपाळावरच हवा, कारण डोळ्यांची चमक उजेड जिथून गेला तिथेच परत येते. हातातल्या टॉर्चने ती हुकते. नवी पोरं पहिल्या रात्री कोळ्यांच्या डोळ्यांनाच बेडूक समजतात. डासांचं मलम हाताला लावलेलं चालत नाही, बेडकाच्या कातडीतून ते आत जातं. नोंदी पेन्सिलीनेच करायच्या. ओल्या बोटांना मोबाइलचा पडदा दाद देत नाही आणि पेनाची शाई कागदावर पसरते.

पहिल्याच रात्री सातव्या फितीपाशी, कारवीच्या दांडीवर गुडघ्याएवढ्या उंचीला मलबारी चापडा दिसला. पिवळट तपकिरी रंग, शेपटीचा दांडीला विळखा, मान आखडून मागे घेतलेली, तोंड खाली. हा दबा धरून बसणारा साप आहे, जागा लाभली की रात्रीमागून रात्री तिथेच असतो. त्या टप्प्यात आम्ही नियम बदलला. एकाचा दिवा कायम सापावर, पालापाचोळा हाताने उलटायचा नाही, लांब काठीने उलटायचा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषासाठी बनतं, चापड्याच्या दंशावर त्याचा भरवसा धरता येत नाही. त्यात उपचारासाठी सावंतवाडीपर्यंत धुक्यातला घाट उतरायचा.

चौथ्या रात्री त्या १० मीटरांत ७ नर ओरडत होते. दिवे बंद असताना एक आवाज मध्येच तुटला. लाल दिवा लावला तर चापड्याच्या तोंडात बेडूक होता, मागचा एक पाय बाहेर, बोटं फाकलेली. दंश करून त्याने बेडूक सोडला नाही, तसाच धरून ठेवला आणि मग जबडा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पुढे सरकवत गिळला. सगळं मिळून १९ मिनिटं. माझी नजर मात्र शेजारच्या झुडपावर होती. तिथला नर जेमतेम एक मीटरवर, आणि चौथ्याच मिनिटाला तो पुन्हा ओरडू लागला. आवाज केला नाही तर मादी येणार नाही, केला तर जागा कळेल. ही ओढाताण एवढ्या जवळून मी पहिल्यांदाच नोंदवत होतो.

पाचव्या रात्री सातव्या फितीपाशी चार-पाच जणांच्या बुटांचे ठसे होते. कारवी बुंध्यापासून मोडलेली, नेचे तुडवलेले आणि वाटेच्या मधोमध एक शेवाळलेली फांदी उभी खोचलेली. ती तिथली नव्हतीच, फोटोत मागच्या पानांची गर्दी दिसू नये म्हणून फोटो काढणाऱ्यांनी कुठून तरी आणली होती. साप काठीने उचलून तिच्यावर ठेवला असणार. साप गायब, एकच नर ओरडत होता. साप आवडतो म्हणून दहा तासांचा प्रवास करून यायचं आणि त्याची शिकारीची जागाच मोडून जायचं, हे मला प्रेम वाटत नाही.

त्यांना जागा सापडली ती आमच्यामुळे. दुपारी चहाच्या टपरीवर कुणी तरी विचारलं, काय दिसलं? आमच्यातल्याच एकाने सांगितलं, सातवी फीत. पोराने फुशारकी मारली नव्हती, आनंदाने सांगितलं होतं. त्याला काय सांगायचं नाही, हे बजावायचं काम माझं होतं.

फिती काढून टाका, असं सगळे म्हणतात. पण दाट छताखाली जीपीएस १०-१५ मीटर सहज चुकतो आणि आमचा टप्पाच १० मीटरचा. आता खोडाच्या मागल्या अंगाला, बुंध्याशी, अॅल्युमिनियमचे नंबर बांधतो आहोत. अंधारात ते शोधण्यात रेषेमागे वीसेक मिनिटं जास्त जातात.

प्रश्न राहिला पाचव्या रात्रीच्या आकड्याचा. त्या रात्री पाऊसही थांबला होता, वाराही सुटला होता, आणि तशा हवेत झुडूपबेडूक एरवीही कमी ओरडतात. पण बाकीच्या नऊ टप्प्यांत आवाज थोडेच घटले होते. एकाच रात्रीवरून काही ठरवता येत नाही, आणि ती रात्र गाळायलाही मन घेत नाही. तक्त्यात सातव्या टप्प्यापुढे मी १ लिहिला आहे आणि शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने ‘कारवी मोडलेली, चापडा नाही’ एवढंच.