मे महिन्यातील आंजर्ले-हर्णै : वाडीतला मुक्काम, घरगुती जेवण आणि जाणाऱ्यांसाठी काही सूचना

मे महिन्यात कोकणात जायचे म्हटले की पुण्यात हमखास एक सल्ला मिळतो : उकाड्याने हैराण व्हाल, त्यापेक्षा डिसेंबरात जा. उकाडा असतो हे खरेच आहे. पारा पुण्यापेक्षा खाली असला तरी हवेतील दमटपणामुळे अंगाला घामाच्या धारा लागतात आणि दुपारी बारा ते चार या वेळात समुद्रावर जाण्यात काहीच अर्थ नसतो. तरीही रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील आंजर्ले-हर्णै किनाऱ्यावरच्या एखाद्या घरगुती निवासात राहायचे असेल, तर मी मे महिनाच निवडेन. पावसाळ्यापूर्वीची सगळी कामे याच महिन्यात चालतात आणि त्या कामांतूनच तिथले जेवण ताटात येते. डिसेंबरात समुद्र तोच दिसतो, पण रातांबे (कोकमाची फळे), पिकलेला फणस आणि अढीतला आंबा नसतो.

पुण्याहून आम्ही ताम्हिणी घाटाने गेलो. चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, मग मुंबई-गोवा महामार्गाने लोणेऱ्यापर्यंत आणि तिथून आत वळून आंबेतच्या पुलावरून सावित्रीची खाडी ओलांडून मंडणगड, असा हा रस्ता आहे. आंबेतच्या पुलाची दुरुस्ती अधूनमधून निघते, म्हणून निघण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून तो सुरू असल्याची खात्री करावी. मंडणगडहून दापोलीमार्गे जाता येते, किंवा केळशीवरून किनाऱ्याकिनाऱ्याने आडे, पाडले करत आंजर्ल्यात उतरता येते. दुसरा रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, पण उजेडी जात असाल तर तोच घ्यावा. एकूण अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास असले तरी सहा तास धरून चालावे. स्वारगेटहून दापोलीला एसटी जाते आणि दापोलीहून पुढे गावोगावच्या गाड्या मिळतात. पेट्रोल आणि रोख पैसे यांची सोय मंडणगडला किंवा दापोलीला करून घेतलेली बरी.

आमचा मुक्काम आंजर्ल्यातील एका नारळी-पोफळीच्या वाडीत होता. पुढे ओटी आणि पडवी असलेले कौलारू घर, मागे वाडी आणि वाडीच्या कडेला पाहुण्यांसाठी नंतर बांधलेल्या साध्या खोल्या, अशी या भागातील बहुतेक निवासांची रचना असते. वाडीत नारळाच्या सावलीत पोफळी, पोफळीवर चढवलेली मिरी आणि खाली जायफळ किंवा केळ असते, त्यामुळे भर दुपारीही तिथे बसवते. तरीही या वाडीत मध्येच मोकळे आकाश दिसते. 3 जून 2020 रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील वाड्या आडव्या केल्या, त्याच्या या खुणा आहेत. नवी रोपे आता उंच झाली आहेत, पण नारळ-पोफळ धरायला काही वर्षे जावी लागतात. अशा घरांना पाहुण्यांच्या उत्पन्नाचा आधार किती मोठा आहे हे तिथे राहिल्यावर कळते, आणि खोलीच्या भाड्यावरून घासाघीस करण्याचा मोह आपोआप आवरतो.

मे महिन्यात या घरांत सकाळ फार लवकर सुरू होते. खळ्यात नारळाच्या झापांचा मांडव असतो आणि त्याच्या बाहेर, जिथे ऊन पडते तिथे, वाळवणे पसरलेली असतात. आमच्या वेळी आमसुलांचे काम चालू होते. पिकलेले लालबुंद रातांबे फोडून गर आणि बिया वेगळ्या काढतात, साली उन्हात घालतात आणि गराच्या रसात मीठ मिसळून त्यात त्या साली रोज बुडवून पुन्हा वाळवतात. अशी पुटे जितकी जास्त, तितके आमसूल काळे आणि आंबट होते. बियाही वाया जात नाहीत. त्यांच्यापासून निघणारे तेल थंड झाल्यावर घट्ट होते आणि टाचांच्या भेगांना लावायला ते घरोघरी ठेवलेले असते. मिठातला रस म्हणजे आगळ. बाजारातल्या कोकम सरबतावर वाढलेल्या माणसाने ताज्या आगळाची सोलकढी एकदा तरी प्यावी. तिचा रंग बाटलीतल्या सरबतासारखा भडक नसतो आणि नारळाचे दूध त्याच सकाळी काढलेले असल्यामुळे चव पूर्णपणे वेगळी लागते.

जेवणाबद्दल सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, पोहोचल्या दिवशीच यजमानांशी बोलून पुढच्या जेवणांचे ठरवावे. आमच्या यजमानीण काकूंनी पहिल्याच संध्याकाळी सांगून ठेवले होते, "उद्याचं आज सांगा, आणि परवाचंही आजच सांगितलंत तर फार बरं." हा शिष्टाचाराचा भाग नव्हे, स्वयंपाकाची गरज आहे. घावन हवे असेल तर पीठ हाताशी लागते, उकडीचे मोदक हवे असतील तर नारळ खवण्यापासून तयारी असते, आणि सांदण हवे असेल तर आधी झाडावर बरका फणस पिकलेला असावा लागतो. काही न सांगता एक वाजता ताटावर बसलात, तर पुण्यात मिळते तीच बटाट्याची भाजी आणि वरणभात मिळेल आणि दोष यजमानांचा नसेल. शेजारच्या खोलीतील मंडळी पनीर मागत होती. ते मिळालेही, पण दापोलीहून आणलेले पनीर खाण्यासाठी घाट उतरण्याचे प्रयोजन मला कळलेले नाही.

सांदणाचे थोडे सविस्तर सांगतो, कारण मे महिन्याबाहेर ते सहसा मिळत नाही. बरका फणस, म्हणजे ज्याचे गरे मऊ आणि रसाळ असतात तो, चाळणीवर घासून त्याचा रस काढतात. त्यात तांदळाचा जाडसर रवा, गूळ आणि किंचित मीठ घालून मिश्रण मुरू देतात आणि मग ते वाट्यांमध्ये घालून इडलीप्रमाणे वाफवतात. झाकण उघडताच सबंध घरभर फणसाचा वास सुटतो. ज्यांना तो वास सोसत नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये. नारळाच्या दुधात बुडवून गरम सांदण खाल्ले, आणि त्या दिवशी दुपारचे जेवण कोणालाच नीट गेले नाही. काप्या, म्हणजे कडक गऱ्यांच्या, फणसाचे गरे नुसते खातात, कच्च्याची भाजी होते आणि आठळ्या दुसऱ्या दिवशी आमटीत येतात. न्याहारीला मऊभात, मेतकूट, तूप आणि भाजलेला पापड मागावा. दुपारी कुळथाचे पिठले किंवा वालाचे बिरडे आणि सोबत रायवळ आंब्यांचे रायते मिळाले तर दुसऱ्या भाजीची आठवणही होत नाही.

आंब्यांच्या खरेदीबाबत माझे मत स्पष्ट आहे : रस्त्याच्या कडेच्या पेट्यांपेक्षा ज्या घरी राहता तिथूनच, किंवा ते सांगतील त्या बागेतून घ्यावेत. माळ्यावर पेंढ्यात घातलेली अढी यजमान दाखवतात. आंबे कधी खायचे आहेत हे सांगितले, तर ते दाबून न पाहता देठाजवळ वास घेऊन आणि रंग पाहून तेवढेच निवडून देतात. पेटी गाडीच्या बंद डिकीत तापू देऊ नये. मेच्या अखेरीस वळवाचा पाऊस पडून गेला की आंबा लवकर उतरतो, म्हणजे खराब होऊ लागतो, त्यामुळे पहिला पंधरवडा अधिक चांगला.

मासे खाणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच विचारून घेणे आवश्यक आहे. आंजर्ले आणि दापोली तालुक्यातल्याच मुरूड परिसरातील अनेक घरगुती निवास शाकाहारी आहेत आणि तिथे बाहेरून आणलेले मासेही चालत नाहीत. खोली ठरवतानाच हे स्पष्ट करून घ्यावे, नंतर हुज्जत घालू नये. आमचे घर शाकाहारी होते, म्हणून माशांसाठी आम्ही जोग नदीवरच्या पुलावरून हर्णैला जात होतो. हर्णै बंदरात दुपार कलल्यावर लिलाव भरतो. मोठ्या होड्या थेट काठाला लागत नाहीत, म्हणून बैलगाड्या पाण्यात उतरतात आणि माशांनी भरलेल्या टोपल्या किनाऱ्यावर येतात. बैलांच्या पोटापर्यंत पाणी, गाडीवानाच्या आरोळ्या, घिरट्या घालणारे पक्षी आणि पायाखाली चिकट ओली वाळू अशी सगळी गर्दी असते. जुन्या चपला घालून जावे आणि छायाचित्रे काढताना कोणाच्या वाटेत उभे राहू नये, कारण ही मंडळी कामात असतात. लिलावाचे मोठे ढीग व्यापारी घेतात. घरगुती गरजेसाठी शेजारी बसलेल्या कोळिणींकडून वाटा घ्यावा. कल्ले लाल, डोळे स्वच्छ आणि बोटाने दाबल्यावर मांस लगेच वर येणारे, एवढे पाहिले तरी पुरते. पापलेट आणि सुरमईच्या मागे सगळेच असतात, पण आम्हाला तव्यावर कडक भाजलेली मांदेली अधिक आवडली. बंदराजवळच्या खानावळी आपण आणलेले मासे शिजवून देतात का, हे मात्र विकत घेण्यापूर्वी विचारावे. जून आणि जुलैमध्ये यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा हे दृश्य आणि ताजे मोठे मासे दोन्ही मिळत नाहीत.

समुद्रात उतरण्याची वेळ गावातल्या जुन्या हिशेबाने ठरवता येते. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की भरतीची वेळ साधारण निघते : अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. पाणी चढत असताना काठाजवळ डुंबावे आणि ओहोटी लागली की बाहेर यावे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाण्याची ओढ अधिक असते. मेच्या शेवटी समुद्र खवळू लागतो, तेव्हा गुडघ्यापलीकडे न गेलेलेच बरे. गाडी पुळणीवर नेऊ नये. ओल्या वाळूत चाक रुतले आणि भरती आली की ती काढणे गावकऱ्यांच्याही हाताबाहेर जाते.

पाहण्यासारख्या ठिकाणांत उजव्या सोंडेचा कड्यावरचा गणपती सकाळी उन्हाआधी करावा. तिथून आंजर्ल्याच्या वाड्या आणि समुद्र एका नजरेत येतो. हर्णैसमोरच्या समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्यापासून चौकशी वाढली आहे. हर्णैहून होडीने जाता येते, पण आत सावली आणि पिण्याचे पाणी नाही, म्हणून पाणी आणि टोपी सोबत घ्यावी. डॉल्फिन दाखवणाऱ्या फेऱ्यांबद्दल फार अपेक्षा ठेवू नये.

मे महिन्यात वादळी वाऱ्याने वीज जाते आणि ती तासन्‌तास येत नाही, तेव्हा बॅटरी, डासांचे मलम आणि हाताचा पंखा सोबत असावा. खोली घेताना वातानुकूलन यंत्रापेक्षा समोरासमोर खिडक्या आहेत का, हे विचारावे.

परतताना दापोलीवरून यावे. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ तिथेच आहे आणि त्यांच्या रोपवाटिकेत कलमे मिळतात. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून झालेला रत्ना आंबाही याच विद्यापीठाचा. पुण्यात अंगण असणाऱ्यांनी कलम घेतल्यास ते गाडीत आडवे ठेवू नये आणि पहिला चांगला पाऊस होईपर्यंत पिशवीतच सावलीत ठेवून मग जमिनीत लावावे.