ऑफसेट किती मारू?

बुधवार, रात्री साडेअकरा

आमच्याकडे साहेबाने प्रश्न विचारला की पोरं आधी स्वतःची चूक शोधायला लागतात. शाळेपासूनची सवय. बाईंनी नाव घेऊन उभं केलं, म्हणजे काहीतरी झालंय! त्यामुळे वाळूजच्या शेडमध्ये प्रश्न विचारून माणूस घडवायचा तर आधी त्या प्रश्नाची भीती घालवावी लागते. त्यालाच सगळ्यात जास्त वेळ जातो.

ट्रेनिंगमध्ये कोचिंगवर लिहिणाऱ्या जॉन व्हिटमोरचं ‘ग्रो’ मॉडेल शिकवलं होतं. कुठे पोचायचंय, आत्ता काय स्थिती आहे, मार्ग कोणते, त्यातलं तू काय करणार. चारही प्रश्न चांगलेच. माझं घोडं मात्र दुसऱ्यावरच अडतं, आणि ते बरंच आहे. आत्ता नेमकं काय चाललंय हे माणसाने स्वतः नीट पाहिलं, की पुढचे दोन बहुतेक वेळा विचारावेच लागत नाहीत.

आज सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर, अंबड तालुक्यातला पोरगा होता. आयटीआय झालेला, रांजणगावला रूम करून राहतो, हात चांगला आहे. जॉब ॲल्युमिनियमच्या हाउसिंगचा, त्यातलं भोक म्हणजे बोअर २५ मिमी, एच७ मापाचा. म्हणजे २१ मायक्रॉनची (मिमीच्या हजाराव्या भागांची) सूट, तीही फक्त वरच्या बाजूला. संध्याकाळी पळत आला.

“सर, बोअर १९ वर गेला. ऑफसेट किती मारू?”

म्हणजे २५ मिमीच्या वर १९ मायक्रॉन, सूट संपत आलेली; आणि ऑफसेट म्हणजे मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती. आकडा माझ्या तोंडावर आला होता. गिळला.

“जॉब कधी काढला?”

“आत्ताच. कामून सर, काही चुकलं का?”

“काही नाही चुकलं. माझ्यासमोर माप बरं.”

त्याने जॉब उचलला आणि बोअर गेज घालायच्या आधीच थांबला. तळहातावर फिरवून पाहिला. “गरम हाय.” मग मी काही न सांगताच त्याने ट्रेमधला आधीचा, निवलेला जॉब घेऊन मापला. ८. ॲल्युमिनियम २० अंशांनी तापलं की २५ मिमीचा बोअर साधारण ११-१२ मायक्रॉन मोठा दिसतो. दहाचा ऑफसेट मारला असता, तर जॉब थंड झाल्यावर भोक तपासायचा प्लग गेज आत गेलाच नसता. पण जॉब एवढा तापतोय का, म्हणून पोरगा आत वाकला. धातूच्या चिप्सच्या गुंत्याने कूलंटचा, म्हणजे थंड करणाऱ्या द्रवाचा, नोझल बाजूला सरकला होता. हे मला सुचलंही नव्हतं.

टिमोथी गॅल्वे मूळचा टेनिस कोच. कामगिरी म्हणजे माणसाची कुवत वजा त्याचे अडथळे, असं त्याने मांडलं. त्याच्या लेखी हे अडथळे मनातले. आमच्या शेडमध्ये निम्मा अडथळा खांद्याशी उभा राहिलेला सुपरवायझर असतो, असं माझं मत.

अर्थात सगळीकडे हे चालत नाही. चकमध्ये, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्यात, जॉब नीट धरला नसेल तर ‘तुला काय वाटतं’ विचारत बसू नये, लाल बटण दाबावं. नव्या ट्रेनीलाही आधी करूनच दाखवावं लागतं. त्याच्याकडे उत्तर असणार कुठून?

या सगळ्यात मशीन थांबलं, जॉबचा काउंट कमी भरला. उद्या प्रॉडक्शन मीटिंगला त्याचा जाब द्यायचाय. दोन्ही जॉब घेऊन तूच सांग, असं त्याला म्हटलंय. “मी? मीटिंगला?” म्हणाला. पण निघताना दोन्हींवर मार्करने रीडिंग लिहीत होता.