फियाटला कुठला बल्ब टाकलाय?

रात्री कुठे चहाला थांबलो की हमखास कुणीतरी गाडीपुढे येऊन विचारतं, "फियाटला कुठला बल्ब टाकलाय हो? उजेड भारी पडतो." आणि आत डोकावलं की दुसरा प्रश्न, "हा जादा मीटर कसला?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो, कारण दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे.

बल्ब साधाच आहे. एच-४, ६०/५५ वॉटचा, कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो तो. मी बदलली ती बल्बपर्यंत करंट पोचायची वाट.

गाडी १९८६ची प्रीमियर पद्मिनी, जिला सगळे अजून फियाटच म्हणतात, कुर्ल्याच्या कारखान्यातली. वडिलांची, आता माझ्याकडे. एका पावसाळ्यात रत्नागिरीहून कोल्हापूरला येताना आंबा घाटात धुकं लागलं. दिव्यांचा उजेड चहासारखा पिवळट, रस्त्याची कड दिसेना. आई मागच्या सीटवर गप्प बसून होती. त्या रात्री ठरवलं, दिव्यांचं बघायचंच.

आधी सगळे करतात तेच केलं, १००/९० चे बल्ब टाकले. आठ दिवसांत होल्डर तपकिरी पडला, बॉनेट उघडलं की जळका वास. जुन्या बारीक वायरीतून जास्त करंट ओढला की वायर आणि होल्डर तापणारच. बल्ब काढून टाकले.

मग लावला व्होल्टमीटर. माझ्या गाडीत चार्जिंगचा फक्त लाल दिवा होता. चार्जिंग बंद पडलं की तो सांगतो, किती होतंय ते सांगत नाही. जुने मेकॅनिक अँपिअर मीटर लाव म्हणाले. मला ते पटलं नाही. त्यासाठी गाडीचा जवळजवळ सगळा करंट डॅशबोर्डमागे आणावा लागतो आणि तिथला एक नट जरी ढिला झाला तरी आगीची भीती. व्होल्टमीटर नुसता बाजूला जोडायचा. किल्ली फिरवल्यावर चालू होणारी एक वायर, तिला १ अँपिअरचा फ्यूज, एक अर्थ म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडायची वायर, आणि मीटरच्या आतल्या दिव्यासाठी पार्किंग लाइटवरून एक. अर्थचा स्क्रू मारायच्या आधी तिथला रंग खरवडून पत्रा चकचकीत करायचा. मीटर नाचतो अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा इथेच गडबड सापडते.

इंजिन चालू केलं, काटा १३.७ वर. हेडलाइट लावले, काटा १२.३ वर आला. वाटलं, बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर गेला. पण मल्टिमीटर थेट बॅटरीवर धरला तर तिथे अजून १३.७! म्हणजे बॅटरी ठीक, आल्टरनेटर ठीक. जवळजवळ दीड व्होल्ट फ्यूज बॉक्सपर्यंतच्या वाटेत मरत होता. मग दिवा पेटता ठेवून होल्डरच्या मागे मोजलं, १०.९. हेडलाइटची अर्थ आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात ०.७. तिथे जवळजवळ शून्य हवं. अर्थचा स्क्रू काढला तर खाली गंजाची भुकटी.

फिलामेंटचं एक आहे, व्होल्टेज १० टक्के उतरलं की उजेड सुमारे ३० टक्के उतरतो. माझ्याकडे २० टक्के उतरलं होतं, म्हणजे उजेड निम्म्याच्याही खाली. अशा गाडीत कितीही महागडा बल्ब टाका, काय होणार?

उपाय दोन रिलेंचा, एक अप्परला, एक डिपरला. रिले म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट सोडणारा स्विच. रिलेवर नंबर असतात. ३० ला बॅटरीवरून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून जाड वायर, ८७ वरून हेडलाइटला, ८५ ला अर्थ, आणि पूर्वी हेडलाइटला जाणारी जुनी वायर ८६ ला. जुना स्विच आता फक्त रिले ओढतो, दिव्यांचा भार त्याच्यावर नाही. वायर अडीच चौरस मिलिमीटरची, मल्टिस्ट्रँड. घरातल्या फिटिंगची एकतारी वायर गाडीत घालू नका, हादऱ्याने आतून तुटते. हेडलाइटची अर्थही वेगळ्या काळ्या वायरने थेट बॅटरीवर आणली. मूळ वायर एकही कापलेली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून कायमची गेली. या गाडीचं जे शाबूत आहे ते जपायला हवं.

आता होल्डरवर १३.२ मिळतात. पहिल्या रात्री गाडी समोरच्या चुन्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी केली. डिपरची वरची रेघ पट्टीने आखल्यासारखी उमटली होती. आई बाहेर येऊन बघून गेली.

एलईडी का नाही, हेही विचारता. आपल्या हेडलाइटचा आरसा आणि काच फिलामेंटच्या जागेवर बेतलेली असते. त्यात एलईडी बसवला की उजेड विखुरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. घाटात ते मला चालणार नाही. नंबरप्लेटला आणि डॅशबोर्डच्या दिव्यांना मी एलईडीच वापरलेत. इंडिकेटरला टाकायचे तर ते लुकलुकवणारा फ्लॅशरही बदला. जुना फ्लॅशर २१ वॉटच्या बल्बांच्या करंटवर तापून चालतो, एलईडीवर तो नीट लुकलुकत नाही.

तुमच्या गाडीचं बघायचं असेल तर आधी साधा मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, दिवे चालू ठेवून होल्डरवर मोजा. १३ च्या आसपास आले तर खुशाल नवा बल्ब आणा. ११ च्या आसपास आले तर बल्ब राहू द्या, अर्थचा स्क्रू खोला. आणि वायरीला हात लावायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, बोटातली अंगठीसुद्धा.