फेल्को २, अपडेट ४: दोष धारेत नव्हताच

मंडळी, माझा जुना फेल्को २ सिकेटर (छाटणीची कात्री) दुरुस्त करण्यात तीन आठवडे गेले आणि कारण निघालं एक फालतू नट!

मागच्या वेळी रडलो होतो ना की पातं आरशासारखं झालंय तरी द्राक्षाची काडी कापली न जाता चेंगरतेय, साल सोलवटतेय, तर मी आपला ऑइलस्टोनवर (धार लावायच्या दगडावर) घासतोय, घासतोय, शेवटी मागची सपाट बाजूपण घासायला निघालेलो (करू नका कुणी, मागून फक्त बर, म्हणजे धार लावताना कडेला उरलेली धातूची पातळ कोर, काढायची). रविवारी वैतागून सिकेटर मिटून उजेडासमोर धरला तर दोन पात्यांमध्ये चक्क फट. बोल्ट आवळला, दहा काड्या लोण्यासारख्या, अकरावीला परत ढिला. मग ट्यूब पेटली. ओरिजिनल नटाला कडेने दाते असतात, शेजारचा छोटा दातेरी तुकडा त्यात अडकला की नट जागचा हलत नाही. माझ्या पीसवर कुणीतरी साधा षटकोनी नट चढवलेला आणि तो तुकडा गायबच. विकणारा म्हणालेला, "सगळं कंपनीचंच आहे दादा." असो.

पण गंमत पुढेच आहे. फेलिक्स फ्लिश यांनी १९४५ ला स्वित्झर्लंडच्या नॉशातेल भागात, ले जनव्हे-स्युर-कोफ्रान गावात (टाइप करतानाच दम लागला) फेल्को कंपनी काढली. मुलूख घड्याळवाल्यांचा, खाली तळ्याकाठी द्राक्षमळे, म्हणजे गिऱ्हाईक दाराशीच. हे २ नंबरचं मॉडेल १९४८ चं आणि अजून चालू, प्रत्येक पार्ट सुटा मिळतो. म्हणून तर नाशकात नवा नट नि तुकडा मागवला आणि या जुन्या धुडावर पहिल्या फटक्यात बसला, कानससुद्धा लावावी लागली नाही! आपल्याकडच्या स्वस्त सिकेटरची स्प्रिंग तुटली की अख्खा सिकेटरच भंगारात, मला तरी ते परवडत नाही.

काल सव्वाशे काड्या कापल्या, नट ढिम्म.

मुठी लाल रंगवायच्या होत्या ते कॅन्सल. तो रंग नाहीच मुळी, अ‍ॅल्युमिनियमवर चढवलेलं प्लास्टिकचं कोटिंग आहे, स्प्रे मारला तर आठवड्यात पोपडे. खालचं पातं बदलायचं होतं पण ते रिव्हेटवर आहे, हात शिवशिवतायत तरी ठोकाठोकी नको, अजून चांगलं आहे. त्यापेक्षा लिहिता लिहिता सुचलं, आमचा धाकटा डावखुरा, त्याच्यासाठी फेल्कोचा ९ नंबर शोधतो, तो डाव्या हाताचा आहे. जुना, गंजलेला, जामसुद्धा चालेल. फक्त घेण्याआधी नटाचा फोटो पाठवा!