तुम्ही विचारलंत म्हणून: घरात मांजरी, मग माशांच्या टँकला झाकण का नाही?

घरी कुणीही आलं की आधी टँककडे बघतं, मग सोफ्यावर पसरलेल्या दोन मांजरींकडे आणि मग माझ्याकडे. शेजारच्या मावशी तर अहिराणीतच विचारतात, "मांजरी मासा खातस नई का व माय?" पाठोपाठ सल्ला येतो, झाकण लावून टाका.

झाकण मी मुद्दामच लावलेलं नाही, आणि त्याचं पहिलं कारण धुळ्याचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, हवा मात्र कोरडी असते. अशा हवेत उघड्या पाण्याची वाफ भराभर होते आणि जाताना ती पाण्यातली उष्णता घेऊन जाते. कूलरच्या ओल्या जाळ्या जे करतात, तेच. एक लिटर पाणी उडताना जेवढी उष्णता नेतं, तेवढी काढून घेतली तर ५० लिटर पाणी जवळपास ११ अंशांनी उतरेल. खोलीची उष्णता पाण्यात परत शिरत असतेच, त्यामुळे प्रत्यक्षात फरक दोन-तीन अंशांचा पडतो. पण माशांसाठी तेवढाही मोठा आहे. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना सातच्या आसपास. पाणी तापलं की माशांची ऑक्सिजनची गरज वाढते आणि नेमका तेव्हाच तो कमी पडतो. मग ते तोंड वर काढून धापा टाकतात. ते बघवत नाही.

दुसरं कारण थंडीतलं. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री पारा दहाच्या खाली जातो. अशा वेळी लाइटने कोमट झालेलं काचेचं झाकण म्हणजे मांजरीला आयतं अंथरूण. चार किलोची मांजर पातळ काचेवर उडी मारते तेव्हा ते झाकण कुणाचंच रक्षण करत नाही. उघड्या टँकच्या सहा मिलिमीटरच्या काठावर तिला बूड टेकवता येत नाही. स्टँडही टँकच्या मापाचंच करून घ्या, बाजूला पाय ठेवायला पट्टी उरू नये. जवळ खुर्ची, फ्रीज, खिडकीचा कट्टा नको. लाइट छताला टांगलेला बरा.

पाणी मी काठापासून चार इंच खाली ठेवते. आमची ठमी मागच्या पायांवर उभी राहून पंजा आत सोडते, तो मनगटापर्यंत भिजतो, मग ती तो झटकते आणि नाराज होऊन पलंगाखाली जाते. तेवढ्यात मॉली (माझे छोटे मासे) व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीच्या पट्ट्यांत शिरलेल्या असतात. ही झाडी शोभेची नाही, माशांचं घर आहे. मासा हे मांजरीचं खेळणं नव्हे. लपायला जागा नसेल तर पंजा न लागताही तो भीतीने खंगतो. म्हणून आधी झाडं दाट होऊ द्या, मासे नंतर आणा. आपल्याकडच्या बोअरच्या जड, क्षारांच्या पाण्यात व्हॅलिस्नेरिया छान फोफावते आणि मॉली-प्लॅटीही सुखात राहतात. फायटर मासा मात्र नको. तो हवा घ्यायला सारखा वर येतो, थेट पंजाच्या टप्प्यात. डॅनिओ मासे उड्या मारतात, त्यांचं घर झाकणाचंच हवं.

काठावर मनी प्लांट लावायची हौस बऱ्याच जणांना असते. तो आणि पाण्यावर तरंगणारी पिस्टिया, दोन्हींत कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मांजरीने पान चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते. मी त्याऐवजी ब्राह्मी लावली आहे, ती पाण्यातून वर येते आणि बारीक फुलं धरते. मांजरींना चघळायला गव्हाचे कोंब वेगळ्या कुंडीत असतात.

आता सगळ्यात काळजीची गोष्ट, आणि ही मला कुणी विचारत नाही. पाण्याची वाटी भरलेली असली तरी मांजरी टँकचं पाणी पितात. साध्या पाण्याने सहसा काही होत नाही. पण माशांना बुरशी लागली की आपण जे निळं औषध घालतो, मिथिलीन ब्लू, ते मांजरीच्या तांबड्या पेशी नासवतं. त्यामुळे आजारी मासा वेगळ्या, झाकणाच्या बादलीत, आणि औषध तिथेच. उलटंही तितकंच खरं आहे. मांजरीच्या मानेवर गोचीड-पिसवांचे थेंब टाकले असतील तर ते वाळून एक-दोन दिवस जाईपर्यंत तिला त्या खोलीत सोडू नका. त्यातली बरीच औषधं माशांना विषारी असतात. परमेथ्रीनवाले, कुत्र्यांसाठीचे थेंब तर घरातच नकोत. ते मांजर आणि मासे दोघांच्याही जिवावर उठतात.

उडून गेलेल्या पाण्याच्या जागी क्षार काढणाऱ्या आरओ फिल्टरचं पाणी घाला. क्षार उडत नाहीत, मागे राहतात. बोअरच्याच पाण्याने भर घालत राहिलात तर पाणी आणखी जड होत जातं. वायरी प्लास्टिकच्या नळीत घाला आणि प्लगच्या खाली लोंबता झोल ठेवा, म्हणजे ओघळ बोर्डापर्यंत पोहोचत नाही.

घरात चार-पाच महिन्यांचं पिल्लू असेल तर थांबा. त्या वयात ते पडद्यावर चढतं, पाण्यातही पडेल. वर्षभराचं झालं, जरा स्थिरावलं, की मग टँक आणा. आणि गल्लीतले बोके तुमच्या घरात ये-जा करत असतील, तर खिडकीला जाळी बसेपर्यंत उघडा टँक नकोच.