मैना ४५ दिवस उभी होती

सारंगखेड्याच्या यात्रेतून सोनी ही नवी घोडी आमच्या वस्तीवर आली, त्याच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी तिने मैनाला दुगाणी झाडली. मैना आमची सात वर्षांची कुमैत, म्हणजे तांबूस रंगाची घोडी, आबांच्या म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या हातावर वाढलेली. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, तिथून आबा दरवर्षी नुसतेच बघून यायचे. या वर्षी सोनीला घेऊन आले. नवं जनावर काही दिवस वेगळं बांधायचं असतं, हे आम्हाला माहीत होतं. पण ते फक्त रोगराईसाठी, असं आमच्या डोक्यात होतं. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी झालेली, घोडी तुकतुकीत, खातीपिती, मग चौथ्या दिवशी दोघींना एका आवारात सोडलं. त्यात सोनीच्या मागच्या पायांना बाजारातले लोखंडी नाल तसेच होते. ते आधी काढायला हवे होते.

मी दाण्याची बादली घेऊन येत होते. मैना माझ्याकडे वळली आणि सोनीच्या पाठीमागून गेली. "ठक्" असा आवाज आला, लाकडावर कुऱ्हाड बसल्यासारखा. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

डाव्या मांडीच्या खाली, बाहेरच्या अंगाने, कातडीची तळहाताएवढी झडप लोंबत होती आणि रक्ताची धार लागली होती. मैना थरथरत होती, पण चारही पाय टेकवून उभी होती. माझा नवरा पुण्याला नोकरीला, घरात मी, आबा आणि सासूबाई. आबा हळदीचा डबा आणायला धावले. मी म्हटलं, "आबा, डॉक्टर बघेपर्यंत काही भरू नका." त्यांना ते आवडलं नाही, पण थांबले. जखमेत हळद, चुना, कसलीही पूड भरली की डॉक्टरांना ती आधी खरवडून काढावी लागते आणि तळाशी काय आहे ते दिसत नाही. सासूबाईंनी धुतलेलं सुती लुगडं फाडून दिलं, त्याची घडी मी जखमेवर दहा मिनिटं दाबून धरली. मधे उचलून बघायचं नाही, हे फार अवघड असतं.

रक्त थांबल्यावर जबड्याखाली बोटं ठेवून नाडी मोजली. घोड्याची नाडी शांत असताना मिनिटाला २८ ते ४४ असते, मैनाची ६४ भरली. हिरड्या गुलाबी होत्या. हे सगळं मी फोनवर डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "चालवून पाहिली का?" मी म्हटलं, नाही. "चालवूही नका. आहे तिथेच उभी ठेवा, मी निघालोच."

डॉक्टर दीड तासाने आले. तोवर आम्ही तिघंही डाव्या पायाकडेच बघत होतो. डॉक्टरांनी त्या मोठ्या जखमेकडे मिनिटभर पाहिलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही मांसातली आहे. शिवू." मग बॅटरी घेऊन ते खाली वाकले आणि उजव्या पायाच्या आतल्या बाजूला हात फिरवायला लागले. मागच्या पायाचा जो कोनात वळलेला सांधा, ज्याला डॉक्टर हॉक म्हणतात, त्याच्या चार बोटं वर बोराएवढी एक चीर होती. रक्ताचे जेमतेम दोन थेंब. मी पाय धुतानाही ती पाहिली नव्हती. दुगाणीतला एक खूर डाव्या पायाला घासून गेला होता आणि दुसरा इथे बसला होता.

"ताई, मला या जखमेची काळजी आहे," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी माझा हात धरून आधी बाहेरच्या बाजूला ठेवला. तिथे जाड, गरम मांस. मग आतल्या बाजूला. कातडीखाली थेट हाड लागलं, आपल्या नडगीसारखं. मधे मांसाचा थरच नाही. बाहेरून लाथ बसली की मांस फाटतं, पण मार झेलतं. आतून बसली की सगळा घाव हाडावर जातो, आणि कातडीवर मात्र एवढीशी चीर दिसते. लाथ बसलेल्या घोड्याच्या चारही पायांच्या आतल्या बाजूंवरून हात फिरवल्याशिवाय आता मी कुणाला "फार लागलं नाही" असं म्हणू देत नाही.

पहिला प्रश्न सांध्याचा होता. डॉक्टरांनी केस कापले, चीर धुतली, आणि हॉकच्या पुढच्या अंगाने, जखमेपासून लांब, निर्जंतुक सलाईन सांध्यात टोचून भरलं. सांध्याला भोक पडलं असेल तर ते पाणी जखमेतून बाहेर येतं. मी बॅटरी धरून त्या चिरेकडे बघत होते. सांधा फुगलेला दिसला, चीर कोरडीच राहिली. सांध्यात घाण गेली असती तर त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात नेऊन सांधा धुवावा लागला असता. तो एक धोका टळला.

दुसरा प्रश्न हाडाचा. तो इतक्या लवकर सुटणारा नव्हता.

डावी जखम भूल देऊन शिवली, खालच्या टोकाला पाणी निघायला वाट ठेवली. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, त्यामुळे मागचा डोस कधी दिला हे वहीत लिहिलेलं असावं. आमच्या वहीत होतं. दुखण्याचं औषध मात्र डॉक्टरांनी मोजूनमापून दिलं. आबा म्हणाले, "अहो, जनावराला कळा लागल्यात, जरा जास्त द्या की." डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलं, की हाडाला चीर असेल तर दुखतंय म्हणूनच ती त्या पायावर भार देत नाही. दुखणं पूर्ण गेलं तर ती पाय आपटेल. दुखण्याची जागा शोधायला पायाची नस बधिर करतात, तेही त्यांनी त्याच कारणासाठी टाळलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून घोड्यांचे दुसरे डॉक्टर छोटं एक्स-रे मशीन घेऊन आले. चार बाजूंनी फोटो काढले. काही दिसलं नाही. आबांचा चेहरा खुलला. मैना तोवर जवळजवळ सरळ उभी राहत होती, अगदी थोडं अंग चोरून. आबा म्हणाले, "बघा, सोडायची का आता?" दोन्ही डॉक्टर एकदमच "नाही" म्हणाले.

मला समजलं ते असं. केसासारखी चीर पहिल्या दिवसांत फोटोत दिसतेच असं नाही. आठदहा दिवसांत चिरेच्या कडांचं हाड थोडं झिजतं, चीर रुंदावते, मग ती दिसते. तोपर्यंत चीर आहे असंच धरून चालायचं. आणि अशी घोडी चालताना नव्हे, खाली बसून उठताना घात करून घेते. उठताना सगळं वजन मागच्या पायांवर येतं, आणि केसाएवढ्या चिरेचे क्षणात दोन तुकडे होतात. मोठ्या घोड्याचं ते हाड पूर्ण मोडलं की बहुतेक वेळा जनावर वाचत नाही. शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय आम्हाला फार लांब नाही, तिकडे न्यायचं का असं मी विचारलं. पण ट्रक ब्रेक मारतो, वळतो, तेव्हा घोडी मागच्या पायांवरच तोल सावरते. घरी उभी राहणं जास्त सुरक्षित, असं ठरलं.

म्हणजे मैनाला बसू द्यायचं नव्हतं. पुढचा फोटो १४व्या दिवशी.

तबेल्यात दोन भिंतींना कड्या मारल्या. डोक्यावरच्या मोहरकीला दोन्हीकडून कासरे बांधले, इतक्याच लांबीचे की तोंड गव्हाणीपर्यंत पोचेल, पण जमिनीपर्यंत नाही. खाली जाड पाचट टाकलं तर तिला बसावंसं वाटेल, म्हणून गोठ्यातल्या रबरी चटया अंथरल्या. हरभरा बंद केला, कारण उभ्या घोडीला दाणा चढतो. भिजवलेला कोंडा, थोडं मीठ, वैरण आणि पाणी. लिदेवर लक्ष, कारण हालचाल थांबली की पोटात कळ येते. दिवसातून तीनचार वेळा एकाने मोहरकी हातात धरायची, कासरे सोडायचे आणि तिला मान खाली घालून खाऊ द्यायचं. डोकं सतत वर राहिलं की नाकाघशातली घाण खाली उतरत नाही आणि छातीत कफ धरतो. मान खाली गेली की ती मोठ्याने फुरफुरायची, नाकातून पाणी गळायचं, आणि मला बरं वाटायचं.

घोडा उभ्याने झोपतो हे सगळ्यांना माहीत असतं. अर्धंच खरं आहे ते. उभ्याने त्याची डुलकी होते. गाढ झोपेला, थोडा वेळ का होईना, त्याला आडवं व्हावंच लागतं. नवव्या रात्री माझी पाळी होती. दोन वाजले असतील. मैनाचा खालचा ओठ लोंबला होता, कान बाजूला पडले होते. मी बघता बघता तिचे पुढचे दोन्ही गुडघे लटपटले आणि ती खाली कोसळायला लागली. कासरे ताणले, ती दचकून जागी झाली, पाय आपटत सावरली. मी तिच्या छातीला मिठी मारून उभी राहिले. तिचं काळीज माझ्या गालाशी धडधडत होतं. त्यानंतर रात्री तिला गाढ डुलकी लागू लागली, की आम्ही हलक्या आवाजात तिच्याशी बोलायचो. आबा ज्ञानेश्वरीतल्या ओव्या म्हणायचे.

१४व्या दिवशी फोटोत ती रेघ दिसली. तिरपी, हाडाच्या आतल्या कडेपासून निघून मध्यापर्यंत गेलेली. पेन्सिलने हलकेच ओढावी तशी. आबा बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिले. मग तबेल्यात गेले आणि कासऱ्याच्या गाठी पुन्हा एकदा तपासून आले.

डावीकडचे टाके तोवर काढून झाले होते. एक कोपरा उसवला, तो आपोआप भरत आला. जखम हॉकच्या वर होती हे बरं झालं, खाली असती तर मांस वर वाढत राहण्याचा त्रास झाला असता. आतली चीर रोज सलाईनने धुऊन पट्टी लावत होतो. मार लागलेल्या हाडाची एखादी कपची मरते आणि आत राहते, मग जखम बंद होऊन पुन्हा वाहते. तसं झालं नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू मी तबेल्याच्या दारात केलं. बायका यायच्या, मैनाला तिळाची चिमूट द्यायच्या. तोवर तिची मान बारीक झाली होती, मागची पुठ्ठी उतरली होती. रोज चारही पायांच्या मुठीमागची, म्हणजे खुरावरच्या सांध्यामागची नाडी बोटाने बघायची. एक पाय दुखला की सगळा भार दुसऱ्या पायावर पडून त्याचा खूर बिघडू शकतो. नालबंदाने सोनीचे मागचे नाल दुसऱ्याच दिवशी काढले होते, मैनाचे खूर तो उभ्या उभ्याच, पाय जेमतेम वर घेऊन साफ करून जायचा.

४५व्या दिवशी तिसरा फोटो निघाला. माघ लागला होता. रेघ पुसट झाली होती आणि तिच्या कडेने हाडावर पांढुरकी नवी वळी आली होती. धावणं, चढ, सोनीजवळ सोडणं हे अजून काही महिने नाहीच. पण कासरे सोडायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

दुपारीच चटयांवर वीतभर पाचट पसरलं. आबांनी स्वतः गाठी सोडल्या. मैनाने आधी मान खाली घातली, पाचट हुंगलं, एक चक्कर मारली, दुसरी मारली. पुढचे गुडघे वाकवले. मी दाराची फळी घट्ट धरली. ती धपकन खाली बसली, मग कुशीवर आडवी झाली, मान लांब टाकली, आणि लगेच घोरायला लागली. झोपेत तिचे पाय हलत होते. आम्ही तिघं दारात उभे, कुणी हलेना.

चाळीसेक मिनिटांनी तिने डोकं उचललं. पुढचे पाय पुढे टाकले, मागच्या पायांवर जोर घेतला आणि उठली. अंग झटकलं, पाचटाच्या काड्या उडाल्या. उजवा पाय टेकलेला होता. आबा म्हणाले, "सूनबाई, हिला थोडा हरभरा भिजत घाल."